टायराचं गाऱ्हाणं

वसुधाबाईंच्या फियाटला धड आंघोळीला सवड नव्हती, तिथे मेण लावून घ्यायला कुठून असणार? बाई मुलुंडला राहायच्या आणि लग्नामुंजींची जेवणं करून द्यायच्या. गाडीच्या टपावर पातेली, मागच्या सीटवर लाडवांची ताटं, डिकीत शेगडी आणि स्टिअरिंगवर स्वतः बाई, पदर खोचून. नवरा शिवदास बँकेत होता. भला माणूस, पण स्टिअरिंगला हात लावायचं म्हटलं की त्याच्या तळव्यांना घाम फुटायचा. त्यामुळे गाडी बाईंची, धंदा बाईंचा आणि बिल्डिंगीत आवाजही बाईंचाच. मालवणचं पाणी ते! तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी "गुणाजीऽऽ" अशी हाक मारली की खालचा भाजीवाला दचकून जास्तीची कोथिंबीर टाकायचा.

हा गुणाजी म्हणजे त्यांची गाडी धुणारा. राहायचा भांडुपला, चाळीत, बायको रत्नप्रभा आणि पोरींसोबत. मूळचा कणकवलीकडचा. लालबागेतल्या एका मिलमध्ये सुताला खळ लावायच्या खात्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली. मग तो संप झाला. संप मिटला की नाही हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही, मिल मात्र मिटली. गुणाजी काही महिने घरी बसला. भिंतीकडे बघून झालं, बायकोकडे बघून झालं, आणि एका सकाळी बादली-फडकं घेऊन तो मुलुंडला चालत आला. गाड्या धुण्यात त्याला कमीपणा वाटायचा का? मुलुंडमध्ये तर मुळीच नाही. इथे तो शीळ घालत काम करायचा.

गावाला जायचं मात्र त्याने टाकलं होतं. गणपतीला रत्नप्रभा पोरींना घेऊन निघायची आणि हा म्हणायचा, "माझे गाडये कोण पुसतलो?" खरं कारण सगळ्या चाळीला ठाऊक होतं. पूर्वी हा गावच्या वाटेला लागला की माणसं ओट्यावरून ओरडायची, "मुंबैकार इलो रे!" आता तीच माणसं विचारणार, "काय रे, मिल सुरू झाली?" या एका प्रश्नाला गुणाजी भुताला भ्यावं तसा भ्यायचा. आणि तिकडे म्हातारी आई दर वर्षी सुनेच्या पाठीमागे बघत विचारायची, "तो नाय इलो?"

असो. मेणाचं सांगत होतो.

बाकीच्या मालकांच्या गाड्या रविवारी सावलीत सुस्त पडलेल्या असायच्या. त्यांना गुणाजी मेणाचं पॉलिश करून द्यायचा. बाईंची गाडी रविवारीच सगळ्यांत जास्त पळायची. "वैनी, एक दिवस गाडी माझ्या ताब्यात देवा," तो म्हणायचा. "देते रे, लग्नं संपू देत," बाई म्हणायच्या. लग्नं संपली की मुंजी, मुंजी संपल्या की डोहाळजेवणं, आणि माणसं मरायचीही थांबत नाहीत, तेव्हा तेराव्याचं जेवण होतंच. शेवटी गुणाजीनेच तोड काढली. अख्खी गाडी मिळत नाही ना? मग तुकड्यातुकड्याने घेऊ! सोमवारी बॉनेट, मंगळवारी टप, पुढे एकेका अंगाची दारं, शेवटी डिकी. पहाटे पत्रा गार असताना आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग कोरडं करायचं. ओलसर फडक्यावर बोटभर मेण घेऊन गोल गोल फिरवायचं, अगदी पातळ. खळीचं आणि मेणाचं एकच शास्त्र, तो म्हणायचा, जास्त झाली की वाट लागली. मग बाईंचा चहा होईपर्यंत थांबायचं. मेण सुकून धुरकट दिसायला लागलं की रत्नप्रभाच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पुसून काढायचं. बाई खाली उतरेपर्यंत त्या दिवसाचा तुकडा तयार. गाडी एक दिवसही घरी बसली नाही आणि आठवड्यात अंगभर मेण चढलं. पुढे बॉनेटवर हळदीचा हात पडो की तुपाचा ओघळ येवो, एक फडकं मारलं की साफ. पाणी तर अळवाच्या पानावरून पळावं तसं पळायचं. बाईसुद्धा एकदा म्हणून गेल्या, "झकास केलंस हो!" बाईंच्या तोंडून हे म्हणजे खूपच झालं.

एवढ्यावर थांबला असता तर गुणाजी कसला! वर गाडी लखलखीत आणि खाली टायर राखेत लोळल्यासारखे, हे त्याला बघवेना. आता कोकणातला माणूस काय करणार? केस राठ झाले, लाव खोबरेल. पोराला खरूज आली, लाव खोबरेल. दार कुरकुरलं, त्यालाही खोबरेल. गुणाजीने घरून वाटीभर खोबरेल आणलं आणि चारही टायरांना बाळंतिणीच्या मालिशवालीसारखं चोळून चोळून लावलं. टायर असे काळेभोर झाले की बाई दोन पायऱ्या उतरून थबकल्या.

त्या दिवशी घाटकोपरला साखरपुडा होता. गाडी हॉलबाहेर आंब्याखाली उभी राहिली. येताना टायरांनी रस्त्याची सगळी धूळ अंगाला फासून घेतलीच होती, पण ते एक वेळ चाललं असतं. आंब्यावरच्या मुंग्यांना आधी खोबरेलाचा वास लागला. टायरावरून वर गेल्या तर काय, सीटवर लाडू! मुलीची आई ताट उघडायला आली तेव्हा लाडू हलत होते. पुढे तिथे जे झालं ते मी सांगत नाही, वसुधाबाईंनी परत आल्यावर गुणाजीला जे सांगितलं तेवढंच सांगतो.

"मेल्या, टायर हा शब्द पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही! टायराच्या वरची गाडी तुझी. खालची मी बघीन आणि माझा देव बघेल!"

"वैनी, माका वाटला..."

"गप!"

चूक गुणाजीची होती, वर ते हलणारे लाडू त्याला झोपेतही दिसायचे. भांडुपला त्याच्या चाळीच्या तोंडाशी भीमराजचं टायरचं दुकान होतं. भीमराज साताऱ्याकडचा, पोटातून हसणारा गडी. त्याला हे सगळं सांगितल्यावर तो हातातला पाना खाली टाकून हसला. "अरे बाबा, रबराला तेल म्हणजे इख! रबर खाऊन टाकतंय ते. साबणाचं पाणी आन् ब्रश, बास. हवा सकाळच्या पारी बघायची, टायर गार असताना. नक्षीत खडे अडकलेत का बघायचं, आन् नक्षी किती उरली त्यावर डोळा ठेवायचा. एवढं केलं तरी लई झालं."

मग गुणाजी बाईंचे टायर चोरून सांभाळायला लागला. बाई वर चहा घेत असताना खाली ब्रश मारायचा आणि स्क्रू ड्रायव्हरने खडे काढायचा. आणि असंच खडे काढताना, शहाऐंशी सालच्या नवरात्रात, त्याला दिसलं की उजवीकडच्या मागच्या टायराचा गोटा झालाय. नक्षी गेलेली. आतल्या कडेला तर रबर झिजून आतला दोरा वर आलेला. पातेल्यांचा सगळा भार त्याच अंगावर पडायचा ना! डिकीतली स्टेपनी बघितली तर ती याच्याहून म्हातारी.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई गावाला निघणार होत्या. भावाच्या नव्या घराची घरभरणी होती. शिवदासला बँकेने रजा दिली नव्हती, म्हणजे स्टिअरिंगवर बाई, मागे सासूबाई आणि डिकीत जेवणाचं अर्धं सामान. वाटेत कशेडीचा घाट.

"वैनी, त्या उजव्या अंगाच्या..."

"टायर का?"

"व्हय."

"लाडू आठव," बाई म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

त्याने शिवदासला गाठलं. शिवदास बिचारा बोलला बायकोशी. "त्याला काय कळतंय, आणि तुम्हाला तरी काय कळतंय?" बाई कडाडल्या. "सणासुदीच्या चार ऑर्डरी आहेत डोक्यावर. मी टायरवाल्याकडे जाऊन स्टुलावर बसू? गावाहून आले की बघते." गावाहून आल्यावर! अहो, गावाला पोचायला नको का आधी? टायरातली हवाच काढून ठेवावी, असंही गुणाजीच्या मनात आलं. पण ज्या गाडीला रोज गोंजारलं तिची हवा काढायला त्याचा हात धजेना.

दसरा उजाडला. बिल्डिंगीतल्या सगळ्या गाड्या, स्कूटरी धुऊन एका ओळीत लावल्या. झेंडूच्या माळा चढल्या, चाकांखाली लिंबं गेली. नारळ ठेवून झाला आणि सगळ्यांनी गुणाजीला पुढे केलं. हा दर वर्षीचा रिवाज होता. मिलमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा त्याच्या खात्याचं गाऱ्हाणं गुणाजीच घालायचा, आणि इथेही अर्धी बिल्डिंग कोकणातलीच. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उभ्या उभ्या मोठ्याने बोलणं. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. कानावर "रे म्हाराजा" पडलं की झोपेतसुद्धा त्याच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघतं. आणि देवासमोर व्हय म्हटलं की म्हटलं. तो शब्द परत घेता येत नाही.

गुणाजीने टोपी सारखी केली, हात जोडले, एकदा त्या टायराकडे बघितलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज दसऱ्याच्या दिवशी तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत जी काय इडापिडा आसात, ती साता समुद्रापलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही तुझी लेक वसुधा उद्या गावाक जाता हा. तिका कशेडीचो घाट सुखरूप पार करून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, भाव अगदी खरा.

गुणाजीने श्वास घेतला. थांबला असता तर पुन्हा जमलं नसतं.

"तिच्या गाडयेच्या उजव्या मागल्या टायराक आता कायच उराक नाय. नक्षी गेली, रबर गेला, आतलो दोरो भायर इलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर तो टायर बदलल्याशिवाय तुझी लेक गाडी वेशीभायर काढूची नाय, असो शबुद ती तुका देता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि शब्द तोंडातून गेल्यावर बाईंचे डोळे उघडले.

जिन्यापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी बिल्डिंग सुटली. शिवदास तर झेंडूच्या टोपलीआड तोंड लपवून हसत होता. बाईंचे जोडलेले हात तसेच हवेत.

"मेल्या, देवाच्या आड लपून मला सांगतोस?"

"वैनी, तुमच्यासमोर खंय काढलंय मी तो शब्द?" गुणाजी दोन पावलं मागे सरकत म्हणाला. "देवासमोर काढलंय."

बाई पुढे काही बोलणार तोच खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "वसुधा, शब्द दिलास हो. मी ऐकलाय." झालं! त्या आवाजापुढे बाईंचंही चालायचं नाही.

त्या दिवशी भीमराजचं दुकान बंद होतं. तो बायकापोरांना घेऊन धम्मदीक्षेच्या दिवसाच्या कार्यक्रमाला चेंबूरला गेला होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच फियाट दारात उभी. बाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. भीमराजने चाक उतरवलं, टायर सोडवला, आतून हात फिरवला आणि त्याचं हसू गेलं. "ताई, हे बघा." आतल्या बाजूने पापुद्रे सुटले होते. त्याने आतून अंगठा दाबला तर बाहेरून त्याचा उंचवटा दिसला. "ह्यो घाट बघायच्या आधीच फुटला असता."

बाईंनी तो टायर खूप वेळ बघितला. गुणाजीकडे त्यांनी बघितलं नाही. "स्टेपनीही बदला," त्या एवढंच म्हणाल्या, आणि मग एकदम, "गुणाजी, तुझं घर इथेच ना रे? तू इथे थांब, नीट बसवून घे. मी रत्नप्रभाकडे चहा पिऊन येते." गुणाजीला वाटलं, रागावल्यात, म्हणून उठून गेल्या. तो आपला नव्या टायराची हवा बघत बसला.

बिल्डिंगीत परत आल्यावर सासूबाई मागे बसल्या, सामान चढलं. नव्या टायराखाली लिंबू ठेवायला गुणाजी वाकला, आणि त्याच्या डोक्यावर आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुणाजी वाकल्या वाकल्याच म्हणाला. सवय हो! वर बघतो तर वसुधाबाई हात जोडून उभ्या.

"हो तुझो लेक गुणाजी, दुसऱ्यांच्या टायरांची काळजी करता, पण आपण गावाची वाट विसारलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गुणाजी म्हणाला, पण आवाज खाली आला.

"मिल बंद पडली ती हेच्यामुळे नाय. तरी हो चोरासारखो तोंड लपवून ऱ्हवलो रे म्हाराजा!"

जमलेली माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा." गुणाजी मात्र हातातल्या लिंबाकडे बघत राहिला.

"तिकडे हेची आवस वाट बघून थकली. तर आज हो ह्या गाडयेत, फुडल्या सीटार बसान, आवशीक भेटूक येतलो, असो शबुद हो तुका देता हा रे म्हाराजा!"

सगळे गुणाजीकडे बघायला लागले. हा शब्द दुसऱ्या कुणी द्यायचा नव्हता. गुणाजीने गेटाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. "वैनी, पण माझे कपडे..." तो पुटपुटला.

"डिकीत आहेत. रत्नप्रभाने सकाळीच दिलेत. उगीच चहा प्यायला गेले होते होय मी?"

गुणाजीने लिंबू टायराखाली सरकवलं. मग हात जोडून तो अगदी हळू, जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय म्हाराजा."

कशेडीच्या घाटात परतीच्या पावसाची सर आली. एका वळणावर पुढचा ट्रक कचकन थांबला. बाईंनी ब्रेक दाबला, आणि गाडी नव्या टायरांवर जागच्या जागी खिळली. बॉनेटवरचं पाणी तेवढं झरझर निघून गेलं. बाई समोर बघतच म्हणाल्या, "टायर हा शब्द काढलास तरी चालेल यापुढे." गुणाजीने नुसती मान हलवली, आणि मग मुलुंडला घालायचा ती शीळ घातली. मागून सासूबाई म्हणाल्या, "गाडीत शीळ घालू नये." तो थांबला नाही.

रात्री, मालवणला जाता जाता, गाडी आधी गुणाजीच्या गावच्या दारात उभी राहिली. ओट्याओट्यांवरून माणसं आली, आणि व्हायचं तेच झालं. शेजारचा सहदेव विचारता झाला, "काय रे गुणाजी, मिल सुरू झाली काय?"

इतकी वर्षं ज्याला भ्याला तो प्रश्न असा विडी ओढता ओढता आला.

"नाय," गुणाजी म्हणाला. "गाडये धुतंय आता. ही मीच राखलंय."

सहदेवने बॉनेटवरून हात फिरवला. हात सटकला. "आयशप्पत!" तो म्हणाला. "लोण्यासारखी केलंस रे. आमच्या म्हशीक लाव मगे थोडा!" सगळे हसले. बस्स, एवढंच झालं.

आई काठी टेकत बाहेर आली. मिलचं तिने विचारलंच नाही. त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि कळशी घेऊन आधी गाडीच्या चारही चाकांवर पाणी घातलं, पाहुण्याच्या पायांवर घालावं तसं. मग आत गेली आणि बाहेर आली ती खोबरेलाची वाटी घेऊन.

"इतक्या लांबसून माझ्या झिलाक घेवन इली," ती म्हणाली. "पाय दुखत असतले तिचे."

गुणाजी ओरडलाच, "आये, तेल नको!" आणि तो रडतोय की हसतोय ते त्याचं त्यालाही कळेना.

"गप रे," वसुधाबाई त्याचा दंड धरून म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "लाव गो आये तू. आज गाडयेत लाडू नाय आसत."

म्हातारीने चारही टायरांना सावकाश तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, ती उठायच्या आत, गुणाजीने ते साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं.